‘व्हीव्हा मारिया!’ मराठीत वाचता यावा म्हणून

लुई मालचा ‘व्हीव्हा मारिया!’ (१९६५) हा फ्रेंच चित्रपट, पण वळण पुरतं वेस्टर्नचं, म्हणजे काउबॉयपटाचं. १९०७ सालचा मध्य अमेरिकेतला एक काल्पनिक देश, घोडे, आगगाडी, जुलमी जमीनदार, मशीनगन आणि या सगळ्याच्या मधोमध फिरत्या मंडळीतल्या दोन गायिका. दोघींचंही नाव मारिया. झान मोरो पहिली, ब्रिजित बार्दो दुसरी. ही दुसरी एका आयरिश बंडखोराची मुलगी, बापाबरोबर सुरुंग लावतच मोठी झालेली. पटकथा माल आणि झाँ-क्लोद कारिएर यांची, छायाचित्रण आँरी दकाएचं, संगीत झॉर्झ दलरूचं, चित्रीकरण मेक्सिकोत. लांबी साधारण दोन तास.

याला मराठी सबटायटल्स करायची तर काम कुठून सुरू करायचं आणि कुठे कुठे अडतं, ते इथे मांडतो आहोत. आमच्यात फ्रेंच जाणणारे दोघं आणि फाइल सांभाळणारा एक. सार्वजनिक खेळ करायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी आधी मिळवा, कारण डिस्क विकत घेतली म्हणजे दाखवायचा हक्क मिळाला असं होत नाही.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात, ती म्हणजे हाताशी असलेल्या इंग्रजी सबटायटल्सवरून मराठी करणं. यात दोन खड्डे आहेत. एक, डिस्कवरची इंग्रजी सबटायटल्स कित्येकदा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून उतरवलेली असतात. डबिंग करताना ओठांच्या हालचालीशी जुळावं म्हणून वाक्य बदललेलं असतं, आणि तेच बदललेलं वाक्य मूळ समजून आपण मराठीत आणतो. ओळखायची खूण सोपी आहे: पात्र एक शब्द बोलतं आणि खाली सहा शब्द येतात, किंवा पडद्यावर पात्र गप्प आणि खाली वाक्य. दुसरा खड्डा जास्त खोल. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ (तू) आणि ‘व्हू’ (तुम्ही) असा भेद आहे, मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ आहे. मध्ये इंग्रजी आलं की एकच ‘यू’ उरतो आणि दोन्हीकडची संपत्ती बुडते. फ्रेंचमधून थेट मराठीत आलं तर ती जवळजवळ आपोआप पोचते. इंग्रजी फाइल वापरायची ती फक्त वेळा उचलण्यासाठी, तीही तपासून.

तर आधी वेळ.

सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) धावते, म्हणजे एक चौकट साधारण ४२ मिलिसेकंदांची. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर तोच चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी चालवलेला असतो, त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. अशा डीव्हीडीवरून घेतलेली फाइल ब्ल्यू-रेच्या चित्राला लावली की सबटायटल्स पुढे पळायला लागतात. पहिल्या मिनिटाला जेमतेम अडीच सेकंदांचा फरक, म्हणून माणूस सगळ्या ओळी अडीच सेकंदांनी मागे सरकवतो आणि झालं समजतो. दहाव्या मिनिटाला फरक २४ सेकंदांवर गेलेला असतो. इथे सरकवून भागत नाही, ताणावं लागतं: प्रत्येक वेळ २५ भागिले २४ ने गुणायची. दुसरी जोडी २३.९७६ आणि २४ ची. ही लबाड आहे, कारण सुरुवातीला काहीच कळत नाही. तासाभराने ३.६ सेकंद, चित्रपट संपताना ७ सेकंदांच्या वर. पहिली पाच मिनिटं तपासून फाइल पास केली की इथेच फसगत होते.

तिसरा प्रकार जुन्या चित्रपटांचा खास. ३५ मिलिमीटरची प्रिंट वेगवेगळ्या रिळांत असते, २,००० फुटांचं रीळ २४ च्या वेगाने साधारण २२ मिनिटं चालतं. रिळाची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त हाताळला जातो, तिथे फिल्म तुटते, जोड पडतात, चौकटी गळतात. दोन वेगळ्या प्रिंटांवरून केलेल्या दोन आवृत्त्या म्हणूनच रीळ बदलताना एकदम अर्धा-एक सेकंद हलतात आणि मग पुढच्या बदलापर्यंत स्थिर राहतात. म्हणजे फरक हळूहळू वाढत असेल तर वेग चुकला आहे, आणि पायरीसारखा एकदम वाढत असेल तर चौकटी गळल्या आहेत. पहिल्यावर गुणाकार, दुसऱ्यावर तुकड्या-तुकड्याने सरकवणं. दोन्ही एकत्र असेल तर आधी गुणाकार, मगच सरकवणं. उलट केलं तर सगळं पहिल्यापासून.

‘सबटायटल एडिट’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. त्यात ‘पॉइंट सिंक’ म्हणून सोय आहे: सुरुवातीची एक आणि शेवटची एक ओळ त्यांच्या खऱ्या जागी बसवली की मधल्या सगळ्या ओळी त्या प्रमाणात बसतात. आम्ही चार ठिकाणी पडताळा घेतो: पाचवं, चाळिसावं, ऐंशीवं मिनिट आणि शेवटचा संवाद. आवाजाचा आलेख दिसत असल्यामुळे वाक्याची सुरुवात कानाने नाही, डोळ्याने पकडता येते. गोळीबार असला की मात्र आलेख नुसता काळा ठोकळा होतो. तिथे कानच.

वेळा बसल्यावर भाषेचा खरा हिशोब सुरू होतो, आणि तो अक्षरांचा असतो. सॉफ्टवेअर सेकंदाला किती वर्ण जातात ते दाखवतं, पण देवनागरीत तो आकडा फसवा आहे. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला सहा वर्ण: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. त्यामुळे जोडाक्षरांची ओळ मर्यादेबाहेर म्हणून लाल होते आणि साधी लांब ओळ सुटते. आम्ही तो आकडा बाजूला ठेवून अक्षरं मोजतो. सेकंदाला १० अक्षरं, एका ओळीत जास्तीत जास्त २८, एका वेळी दोनच ओळी, कमीत कमी मुक्काम एक सेकंद, जास्तीत जास्त सहा, आणि दोन सबटायटल्सच्या मध्ये निदान दोन चौकटींची फट. फट ठेवली नाही तर ओळ बदलली हे डोळ्याला कळतच नाही, विशेषतः दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या असल्या की.

एक ओळ जवळून बघू. सुरुंग पेटला आहे, कोणीतरी ओरडतं. नमुन्यादाखल फ्रेंच वाक्य धरू: ‘आताँसियों, सा व्हा सोते!’ बोलायला एक सेकंद, लगेच धमाका. शब्दाला शब्द ठेवला तर ‘सावध राहा, आता स्फोट होणार आहे!’ अक्षरं १४, म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. धमाका झाल्यावरही प्रेक्षक ‘होणार आहे’ वाचत बसलेला. शिवाय सुरुंग पेटल्यावर मराठी माणूस ‘स्फोट होणार आहे’ म्हणत नाही, तो पळ म्हणतो. ‘पळा! उडणार आता!’ आठ अक्षरं, सेकंदाच्या आत. ‘आताँसियों’मधलं सावध करणं ‘पळा’त आलं. आणि ‘काय उडणार’ हे सांगायची गरज नाही, ते पडद्यावर दिसतं आहे. सबटायटल करणाऱ्याचं निम्मं काम चित्र फुकट करून देतं, फक्त ते घ्यायचं लक्षात राहिलं पाहिजे.

याच कारणाने हाका गाळायच्या. ‘मारिया!’ हे प्रेक्षकाला ऐकू येतं, ‘मादाम’ ऐकू येतं, ‘व्हीव्हा’सुद्धा. ‘मारियाचा विजय असो’ असं एकदा लिहून बघितलं. पडद्यावर जमाव दोन शब्दांची घोषणा देतो आहे आणि खाली शाळेच्या प्रभातफेरीचा फलक. काढून टाकलं. शीर्षकातच आहे ते, कळतं.

आता मराठीची जमेची बाजू. आपल्या क्रियापदात पुरुष, वचन आणि बऱ्याचदा लिंगही असतं, म्हणून सर्वनाम गाळता येतं. ‘तू कधी आलीस?’ ऐवजी ‘कधी आलीस?’, ‘तुम्ही कधी आलात?’ ऐवजी ‘कधी आलात?’ तू-तुम्हीचा भेद शाबूत आणि अक्षरं वाचली. फ्रेंचमध्ये सर्वनाम बोलावंच लागतं, आपल्याला प्रत्ययावर भागवता येतं. दोन तासांच्या चित्रपटात ही बचत मोठी होते. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘तू’ आणि ‘मी’ जागोजाग होते. दुसऱ्या हातात नुसते तेच काढत गेलो आणि लाल झालेल्या ओळींतल्या बऱ्याचशा तेवढ्यानेच सुधारल्या.

पण तेच क्रियापद अडचणीतही आणतं. फ्रेंच ‘झ’, म्हणजे ‘मी’, बोलणारा बाई की बुवा हे सांगत नाही. मराठीत ‘मी येतो’ की ‘मी येते’ हे ठरवावंच लागतं. आवाज पडद्याबाहेरून आला, गर्दीतून आला, की घोळ. सुटका मराठीतच आहे: सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्त्याकडे बघत नाही. ‘मी पूल उडवला’ हे बाप म्हणू शकतो, मुलगीही. ‘मला दिसलं’, ‘मला कळलं’, ‘माझ्याकडे आहे’ हेही तसेच. जिथे बोलणारा दिसत नाही तिथे वाक्य या साच्यात वळवायचं. बार्दोची मारिया सुरुवातीला टोपी आणि पुरुषी कपड्यांत वावरते, तिथेही ही युक्ती कामाला येते. तिला बघणाऱ्यांना काय वाटतं आहे हे सबटायटलने आधीच फोडायचं कारण नाही.

तू-तुम्हीचा तक्ता कामाच्या पहिल्याच दिवशी कागदावर करा, पात्रागणिक, कोण कोणाला काय म्हणतं. नाहीतर दोघांनी अर्धा-अर्धा चित्रपट वाटून घेतला की पूर्वार्धात ‘बसा’ आणि उत्तरार्धात ‘बस’, मध्ये काहीही न घडता. दोघी मारिया एकमेकींना ‘तू’. एकाच गाड्यात राहणाऱ्या, एकाच रंगमंचावर नाचणाऱ्या दोन बायका आपल्याकडे एकमेकींना अहो-जाहो करणार नाहीत. मंडळीतले लोक आपसात ‘तू’, मंडळीच्या प्रमुखाला ‘तुम्ही’. धर्मगुरू आणि हुकूमशहा यांच्याशी खालचे लोक ‘आपण’, पण ते दोघं एकमेकांशी ‘तुम्ही’. ‘आपण’ एवढ्यासाठीच राखून ठेवलं, कारण मराठीत त्याचा ‘आपण सगळे’ असाही अर्थ होतो आणि एका सेकंदात वाचणारा गोंधळतो. फ्लोरेस, म्हणजे जॉर्ज हॅमिल्टनचा क्रांतिकारक, आणि पहिली मारिया यांच्यावर बराच वाद झाला. जुन्या मराठी नाटकातली नायिका त्याला ‘तुम्ही’ म्हणाली असती. पण मोरोच्या चेहऱ्यावर ती अदब नाही. ती पुढाकार घेणारी आहे. ‘तू’ ठेवलं, आणि तेही पहिल्याच संवादापासून, कारण अमुक दृश्यापासून ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं की मराठी प्रेक्षक त्यातून मध्ये काहीतरी घडल्याचा अर्थ काढतो.

शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा. ते या दोघींना जवळजवळ देवी मानायला लागतात, चर्चचं पित्त खवळतं ते त्यामुळेच. मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात, साहेबाला ‘तुम्ही’. म्हणून श्रद्धेने एकीलाच उद्देशून बोललेलं वाक्य ‘तू’ने करायचं. ‘आम्हाला सोडू नकोस’ यात जी आर्जवाची जवळीक आहे ती ‘सोडू नका’त नाही. पण ‘माउली’ लिहायचा मोह आवरायचा. तो शब्द आला की मेक्सिकोच्या उन्हात एकदम चंद्रभागेचं वाळवंट दिसायला लागतं.

हा मोह सगळीकडे आहे. फिरती मंडळी म्हटली की ‘फड’ सुचतो, कार्यक्रम म्हटलं की ‘तमाशा’ आणि ‘बारी’, जमीनदार म्हटलं की ‘पाटील’. एकही वापरला नाही. उलट जे शब्द मराठीत आहेत पण कोणत्याही एका गावाचे नाहीत ते बेधडक घेतले. ‘डायनामाइट’ऐवजी ‘सुरुंग’: खाणीवरचा माणूस हाच शब्द वापरतो, शिवाय अक्षरं सहाऐवजी तीन. सुरुंगाची ‘वात’. मंडळीचा ‘गाडा’. ‘शेतमजूर’, ‘कूळ’. मशीनगन मात्र मशीनगनच. बंदुकीच्या बाबतीत ‘रायफल’ आणि ‘बंदूक’ असा काटेकोरपणा सोडून सगळीकडे ‘बंदूक’ केलं, कारण वाचायला सोपं आणि कथेला फरक पडत नाही.

एकाच गोष्टीला तीन शब्द असले की कोण बोलतं ते बघायचं. जमीनदाराच्या तोंडी ‘बंड’. फ्लोरेसच्या तोंडी ‘क्रांती’. लोकांच्या तोंडी ‘उठाव’ घालून बघितला, पण तो शब्द आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकातून येतो, रस्त्यावरचा माणूस तो ओरडत नाही. त्यांच्यासाठी नाम सोडून क्रियापद: ‘उठा!’

गाण्यांवर फार वेळ घालवू नका. ‘आह! ले पतीत फाम द पारी’ या गाण्यात रंगमंचावर जे चालतं त्याकडे बघणं महत्त्वाचं. नाचता नाचता कपडे सुटत जातात, प्रेक्षागृह वेडं होतं आणि दोघींच्या हातून चुकूनच स्ट्रिपटीजचा शोध लागतो, सगळा विनोद नजरेचा. तिथे खाली कडव्यांचा अनुवाद वाचायला लावणं म्हणजे प्रेक्षकाची मान धरून खाली बघायला लावणं. ध्रुपदाचा अर्थ एकदा द्या आणि गप्प बसा. यमक जुळवायला जाऊ नका.

(याच चित्रपटाच्या वयोगटावरून अमेरिकेत खटला झाला होता. डॅलस शहराच्या मंडळाने तो मुलांसाठी अयोग्य ठरवला आणि १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच संदिग्ध म्हणून रद्द केला. आज बघताना नवल वाटतं. आपल्या कामापुरतं एवढंच, की खेळाच्या जाहिरातीत वयोगट लिहा.)

मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतो, याचा फायदाही होतो आणि तोटाही. तोटा असा, की दोन ओळींचं सबटायटल एकदम पडद्यावर येतं आणि पात्र अजून अर्ध्यावर असताना प्रेक्षकाने शेवट वाचून टाकलेला असतो. हशा अर्धा सेकंद आधी, आणि त्या हशात मूळ आवाज बुडतो. उपाय म्हणजे वाक्य दोन सबटायटल्समध्ये तोडणं, दुसरं बरोबर त्या शब्दाच्या वेळी आणणं. ‘याला मी कधीच पाहिलेलं...’ आणि मग ‘...नाही.’ फायदा असा, की हा ‘नाही’ शेवटी ठेवायला मराठी वाक्य वाकवावं लागत नाही. ते तसंच असतं. ओळ तोडताना मात्र ‘करत / नाही’ किंवा ‘मोठ्या / आगगाडीत’ असं अर्थाच्या मधोमध तोडू नका. वरची ओळ आखूड आणि खालची लांब राहिली तरी चालेल.

कटचं भान ठेवा. एका शॉटमध्ये सुरू झालेलं सबटायटल पुढच्या शॉटमध्ये तसंच राहिलं की डोळा ते पुन्हा पहिल्यापासून वाचू शकतो. सबटायटल एकतर कटवर संपवा, किंवा कट ओलांडून निदान १२ चौकटी पुढे न्या. चकमकीच्या दृश्यांत कट इतके भराभर येतात की हा नियम पाळता येत नाही. तिथे वाचायला लागणारा वेळ महत्त्वाचा धरा.

आता फाइल. इथे मराठीपणाच्या अशा काही अडचणी आहेत ज्या इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

एसआरटी फाइलमध्ये प्रत्येक सबटायटलचा क्रमांक, वेळ आणि मजकूर असतो. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि दुरुस्ती करताना एक आकडा जरी देवनागरीत पडला तरी प्लेअर तक्रार करत नाही, ते सबटायटल नुसतं गायब करतो. दोन ओळी हरवल्या तर आधी हे बघा. फाइल ‘यूटीएफ-८’ मध्येच, म्हणजे देवनागरी जपणाऱ्या युनिकोड पद्धतीतच, जपून ठेवा. साध्या नोटपॅडात चुकून ‘एएनएसआय’ निवडलं की सगळ्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत, म्हणून मूळ प्रत वेगळी. कोणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून दिलं असेल तर रूपांतर करून पुन्हा अक्षर न अक्षर वाचा. रफार आणि पहिली वेलांटी तिथे हमखास हलतात.

‘दुसऱ्या’, ‘लढणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक जोडवर्ण. हा न दिसणारा वर्ण काही सॉफ्टवेअर ‘साफसफाई’ करताना उडवतात आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. पूर्ण फाइलमध्ये शोधून सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. बऱ्याच फॉन्टांत मराठी वळणाची ही अक्षरं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच ती दिसतात, आणि एसआरटीमध्ये भाषा सांगायला जागाच नाही. मग हिंदी वळण येतं. वाचता येतं, पण खटकतं. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा खुला फॉन्ट पडद्यावर स्वच्छ दिसतो. जाडी मध्यम घ्या. बारीक घेतली तर शिरोरेषा झगमगते, फार जाड घेतली तर ‘ष’ आणि ‘प’ एकसारखे दिसतात. तिरपं अक्षर वापरू नका. इंग्रजीत गाणं किंवा पडद्याबाहेरचा आवाज तिरप्या अक्षरात देतात, पण देवनागरी यंत्राने तिरपी केली की शिरोरेषेखाली अक्षरं घसरल्यासारखी दिसतात. गाण्याला फिकट पिवळा रंग पुरे.

आकार चित्राच्या उंचीच्या ५ टक्के, म्हणजे १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात साधारण ५४ पिक्सेल. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. ‘र्थू’ किंवा ‘र्कीं’सारखी अक्षरं वर-खाली टाकून हे आधीच तपासा. रंग शुद्ध पांढरा नको. दकाएचं छायाचित्रण लख्ख उन्हातलं आहे, पांढरे कपडे आहेत, धूळ आहे. किंचित करडा पांढरा आणि भोवती तीन पिक्सेलची काळी कड ठेवली की दोन्हीवर वाचता येतं.

जागेचा एक सापळा. चित्रपट पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत आहे, रुंदी उंचीच्या २.३५ पट. टीव्हीच्या १९२० बाय १०८० चौकटीत खरं चित्र सुमारे ८१७ पिक्सेल उंच, वर-खाली प्रत्येकी सुमारे १३१ पिक्सेलची काळी पट्टी. घरी बघताना सबटायटल त्या काळ्या पट्टीत छान दिसतं, म्हणून सगळे तिथे ठेवतात. थिएटरात ती काळी पट्टी पडद्याबाहेर जाते किंवा कापडी मास्कखाली झाकली जाते, आणि खालची ओळ भिंतीवर पडते. ओळी चित्राच्या आतच ठेवा, खालच्या कडेपासून निदान ८ टक्के वर. डिजिटल थिएटरसाठीच्या प्रतीत, म्हणजे डीसीपीत, या रुंद प्रकाराची चौकट २०४८ बाय ८५८ असते, त्यामुळे तिथे जागा पुन्हा मोजावी लागते.

प्रोजेक्टरला पेन ड्राइव्ह लावून एसआरटी चालवायचा विचार सोडून द्या. देवनागरी नीट दिसायला अक्षरं जुळवणारा भाग प्लेअरमध्ये असावा लागतो. तो नसेल तर ‘कि’ची वेलांटी क च्या पुढे जाते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, किंवा नुसते चौकोन दिसतात. घरच्या संगणकावर ठीक दिसलं याला काही अर्थ नाही. खात्रीचा मार्ग एकच, सबटायटल्स चित्रातच कोरून टाकणं. ‘एफएफएमपेग’ या फुकट सॉफ्टवेअरने ते होतं. संगणकाच्या ताकदीप्रमाणे काही तास लागतात, म्हणून आधी तीन मिनिटांचा तुकडा कोरून बघा, सगळ्यात अवघड जोडाक्षरं असलेला. डीसीपी करायची असेल तर मजकुराऐवजी प्रत्येक सबटायटलचं पीएनजी चित्र द्या. थिएटरचा सर्व्हर चित्र चुकवू शकत नाही.

तपासणी दोनदा. एकदा फ्रेंच अजिबात न येणाऱ्याने आवाज बंद करून बघायचं. त्याला जिथे मागे जावंसं वाटतं तिथे खूण करायची. ती ओळ लांब तरी आहे, नाहीतर मराठी नाही. दुसऱ्यांदा फ्रेंच येणाऱ्याने आवाजासह. त्याने ‘हे गळलं’ म्हटलं की मात्र लगेच भर घालू नका. गळलेल्यापैकी बरंचसं चित्रात असतं.

शेवटची तपासणी ज्या सभागृहात खेळ आहे तिथेच, मागच्या रांगेत बसून. तालुक्याच्या ठिकाणी सभागृहाची जमीन बहुधा सपाट असते, प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. पडदा जमिनीपासून चार फुटांवर असला तर चौथ्या रांगेपासून मागे सगळ्यांना पुढच्यांच्या डोक्यांआड खालची ओळ जाते आणि लोक माना वाकड्या करत बसतात. पडदा वर घेता आला तर उत्तम. नाही तर खुर्च्या एकाआड एक सरकवून लावायच्या, आणि कोरण्याआधी सगळी सबटायटल्स आणखी ४ टक्के वर घ्यायची. या कामासाठी आम्ही दोन प्रती ठेवतो, फाइलच्या नावात चौकटींचा वेग आणि ‘सपाट’ किंवा ‘उतार’ लिहिलेल्या.